पळसाच्या पानांचे मामंजी

माझं लग्न व्हावं म्हणून माझ्या सासऱ्यांना जाळलं. ते तेव्हा चांगले जिवंत होते. अमेरिकेत कुणाच्या तरी भाताच्या शेतात गुडघाभर पाण्यात उभे होते, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं. मी हे सांगायला लागले की पोरंबाळं एकमेकांकडे बघतात, म्हातारीला चळ लागला म्हणतात. म्हणू देत. त्या घरात मी होते, ती नव्हती.

माझं सासर रेवदंड्याचं. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत घर, मागे विहीर, विहिरीवर रहाट. मामंजी अमेरिकेला गेले तेव्हा आमचे हे पाळण्यात होते. शिकून येतो म्हणून गेले. काही वर्षं पत्रं येत होती, मग विरळ झाली, मग बंदच पडली. सासूबाई कुंकू लावून वाट बघत राहिल्या. मुलगा मोठा झाला, मुंबईत नोकरीला लागला, माझं स्थळ सांगून आलं, सगळं जुळलं आणि भटजी अडले. लग्नाआधी पितरांना बोलावतात, त्या नांदीश्राद्धात बाप जिवंत असेल तर एक तऱ्हा, नसेल तर दुसरी. "वडील आहेत की नाहीत?" असं भटजींनी विचारलं आणि आमच्या ह्यांना उत्तर देता येईना. खाली मान घालून बसले. बारा वर्षं ज्याची खबर नाही तो गेला असं समजावं, हे शास्त्र भाऊबंदांनी लगेच उचलून धरलं.

त्यातून रहाटाचं होतंच. पत्रं बंद पडली त्याच सुमाराला ते सुरू झालेलं. भर दुपारी, बैल झाडाखाली बांधलेला, गडी जेवायला गेलेला, आणि मागे रहाट कुरकुरायचा. धावत जाऊन बघावं तर उभा. वरची गाडगी मात्र पाण्याने भरलेली आणि पन्हळ ओली. म्हातारा गडी सासूबाईंना म्हणायचा, "वयनी, मालकच हाय तो. त्याला गती न्हाय म्हनून पानी वढतंय. वाट दावा त्याला."

तेव्हा दाखवली वाट. पळसाच्या पानांचा पुतळा केला. डोक्याच्या जागी आमच्याच वाडीतला नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या. आमच्या ह्यांनी त्याला रीतसर अग्नी दिला. सासूबाईंचं कुंकू पुसलं, न्हाव्याला बोलावून केस उतरवले, लाल आलवण नेसवलं. अवघी चाळिशीची बाई. आणि पुढच्या वर्षी मी हिरवा चुडा भरून, माप ओलांडून त्या घरात शिरले. माझ्यापायी त्या बाईचं कपाळ पांढरं झालं हे मला पहिल्याच दिवशी भाऊबंदांतल्या एकीने हौसेने सांगितलं. वर म्हणाली, "सून सावळी ती सावळी, शिवाय सासऱ्याला खाऊन आलीय." जीभ झडो मेलीची.

सासूबाईंनी मला कधी शब्दाने दुखवलं नाही. एवढंच, की पुतळा जाळल्यापासून रहाट गप्प झाला होता आणि त्या दर दुपारी मागच्या दारी बसून तो गप्प आहे ना, हे ऐकत असत. आधी मला कळेना की ही बाई कान देऊन ऐकते काय. कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. बाराचं ऊन. मी ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. मान वर केली तर वाडीच्या फाटकाशी, बेड्यापाशी, एक माणूस उभा. डोक्याला हॅट, अंगात कोट, हातात ट्रंक. बेडं ढकलून आत येईना, हाकही मारीना. आमचा कुत्रा पोस्टमनवर रोज जीव खाऊन भुंकायचा, तो उठला, त्या माणसाचे बूट हुंगले आणि मुकाट्याने जाऊन झोपला.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"मी इथलाच," तो म्हणाला. मराठी शुद्ध, पण खूप दिवस पेटीत ठेवलेल्या कापडासारखी, घड्या पडलेली.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या दारात आल्या. चौकट धरली. किती वेळ बघत होत्या देव जाणे. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगो, त्यांचे पाय बघ. सरळ आहेत का उलटे?"

त्या माणसाने ऐकलं. खाली बसला, बूट काढले, मोजे काढले आणि पाय उन्हात पुढे केले. गोरेपान, बोटं पुढेच होती. मी सांगितलं, "सरळ आहेत." तर सासूबाई म्हणाल्या, "मग पाणी दे. पण आत घेऊ नकोस." आणि आत गेल्या.

झालं! गावात हा हा म्हणता बातमी फुटली. भटजी आले, भाऊबंद आले, कोणीही त्यांच्या अंगाला हात लावीना. जाळलेला माणूस परत आला तर काय करायचं, हेही शास्त्रात आहे म्हणे. त्याला नव्याने जन्माला घालायचं. पोटातल्या बाळासारखा दुमडून बसवायचा, मंत्र म्हणायचे, मग बारसं, मग मुंज, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. हे होईपर्यंत तो ना घरचा, ना गावचा. म्हणून त्यांना वाडीतल्या सुपारीच्या खोलीत ठेवलं. जेवण मी नेऊन द्यायची.

मला वाटलं, संतापतील. पन्नाशी उलटलेला माणूस, सात समुद्र ओलांडून घरी आला आणि त्याला सुपाऱ्यांच्या पोत्यांत झोपवलं! पण ते हसले. म्हणाले, "सूनबाई, मला सवय आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिकडेही असंच ठेवलं होतं. बंदराजवळ एक बेट आहे. लाकडी खोल्या, बाहेर पहारा. आत घ्यायचं की परत धाडायचं हे ठरेपर्यंत तिथे बसायचं. पोटात जंत आहेत का बघायचे. असले की परत."

"आणि नसले?"

"नसले तर दुसरं काहीतरी शोधायचे."

असं रोज थोडं थोडं ते सांगत. मी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर सुपाऱ्या घेऊन बसायची आणि ऐकायची. ते गेले त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडच्या सरकारने आपल्या मुलखातल्या माणसांना दार बंद केलं. नकाशावर रेघ मारली, ह्या रेघेतला कोणी नको. मामंजी आधीच आत शिरलेले म्हणून राहिले. शिक्षण राहिलं बाजूला, शेतांवर कामाला लागले. बरोबर एक पंजाबी भागीदार होता, दाढीवाला शीख. त्यालाही तिकडे हिंदूच म्हणत. मुसलमान असला तरी हिंदूच. हा पंजाबी तरुणपणी लाकडाच्या गिरणीत होता, तिथे एकदा गावातले पाचशे लोक जमून बिऱ्हाडांत घुसले आणि सगळ्या हिंदी मजुरांना अंथरुणातून ओढून गावाबाहेर घालवलं. कारण काय, तर हे स्वस्तात राबतात. पोलीस बघत उभे.

तरी मामंजींना तिथलं नागरिक करून घेतलं होतं. शपथ घेतली, कागद मिळाला, जमीन खंडाने केली. मग तिकडच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने निकाल दिला की गोऱ्यांनाच नागरिक होता येतं, आणि हिंदी माणूस गोरा नव्हे. पुस्तकात त्याला आर्य म्हणत असले तरी नव्हे. रस्त्यावरची चार माणसं ज्याला गोरा म्हणतील तोच गोरा.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घारे डोळे, केतकीसारखा रंग. आमच्या त्या घरात ह्या रंगाचा कोण तोरा! मी सावळी म्हणून मला किती ऐकवलं होतं. मी म्हटलं, "अग्गोबाई! तुम्हीही काळेच ठरलात की मग!" आणि जीभ चावली. मामंजी मोठ्याने हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

मग त्यांचा कागद काढून घेतला. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीनही कसता येत नाही, असा आणखी एक कायदा होता, म्हणून जमीन एका गोऱ्या ओळखीच्याच्या नावावर केली, ती त्याने गिळली. देश सोडून यावं तर पुन्हा आत घेणार नाहीत. आणि यायचं तरी कुठल्या तोंडाने, पहिली शपथ घेतानाच इंग्रज राजाचा माणूस नाही असं म्हणून बसलेले! "मी कुणाचाच नव्हतो, सूनबाई. चालत होतो, जेवत होतो, पण विचारलं कुणी की कुठला, तर सांगायला काही नाही. त्या वर्षांत एक व्हायचं. झोप लागली की मी आपल्या रहाटावर असायचो. बैल नाही, मीच ओढतोय. हात भरून यायचे. सकाळी उठलो की खांदे दुखायचे."

माझ्या हातातली सुपारी खाली पडली. मी विचारलं, "रात्री?"

"माझी रात्र. तुमची दुपार."

"आणि मग?"

"मग एका वर्षी थांबलं. लढाई सुरू व्हायच्या आधी. म्हटलं, चला, विसरलो एकदाचं घर."

मी ते सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मामंजींच्या ताटात तूप वाढायला लावलं.

त्याच वर्षीचं श्राद्ध. दरवर्षी पुतळ्याच्या तिथीला आमचे हे मुंबईहून येऊन वडिलांचं श्राद्ध करत. ह्या खेपेला वडील वाडीत बसलेले, तर करायचं कसं? हे म्हणाले नको. सासूबाई म्हणाल्या, "झालं पाहिजे. ज्याला जाळलं त्याला उपाशी ठेवू?" काय बोलणार! केलं. कावळ्याला घास ठेवला. मी त्या घरात आल्यापासून एकदाही त्या घासाला कावळा शिवला नव्हता, गाईला घालावा लागायचा. ह्या खेपेला पान जमिनीवर टेकायच्या आत झाडावरून कावळा आला आणि घास उचलून सुपारीच्या खोलीच्या कौलांवर जाऊन बसला. मी मामंजींचं पान घेऊन गेले तर ते भिंतीला टेकून बसलेले, चेहरा उतरलेला. म्हणाले, "मला भूक नाही. तोंडात तिळाची चव आलीय." सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. मी ताट तिथेच ठेवलं आणि पळत घरात आले, खोटं कशाला सांगू.

आता खरी अडचण ऐका. मामंजी आले होते ते तिकडचे नागरिक होऊन. लढाई संपल्यावर तिथला कायदा बदलला होता. आपल्या देशातून वर्षाला शंभर माणसं घ्यायची, साऱ्या देशातून शंभर हं, आणि जे तिथे आहेत त्यांना नागरिक व्हायची मोकळीक. मामंजींनी दुसऱ्यांदा शपथ घेतली, पासपोर्ट घेतला आणि थेट घर गाठलं. पण त्या कागदाला एक खोडा होता. बाहेरून येऊन नागरिक झालेला माणूस आपल्या जन्मभूमीत सलग तीन वर्षं राहिला तर कागद रद्द. तिथेच जन्मलेल्याला हा नियम नाही, तो पन्नास वर्षं कुठेही हिंडला तरी चालेल. "पाहुण्यावर भरवसा नसतो ना," मामंजी म्हणाले.

त्यांना सासूबाईंना घेऊन जायचं होतं. बायकोला शंभरांतली जागा लागत नाही, ती जाऊ शकते. आणि सासूबाई ना विधीला हो म्हणत, ना जायला. एका दुपारी मामंजी अंगणात उभे राहून म्हणाले, "तुझी हरकत तरी कशाला? मला जन्माला घालायचंय ना, घाला. तिकडे दोनदा घातलंय, तिसऱ्यांदा इथे."

सासूबाई कधी कडाडत नसत. त्या दिवशी कडाडल्या. "जिवंत होतात तर एक ओळ लिहायला काय धाड भरली होती? एक ओळ! माझे केस उतरवले तेव्हा मी न्हाव्याला थांब म्हटलं होतं. म्हटलं, आजचं टपाल येऊ दे. टपाल आलं. तुमचं काही नव्हतं."

मामंजी खाली मान घालून म्हणाले, "काय लिहिणार होतो? जमीन गेली, कागद गेला. लाज वाटली."

"मला नाही वाटली लाज, बोडकं डोकं घेऊन हिंडायला?" आणि मग त्या शांत झाल्या. हळू म्हणाल्या, "तुमचा कागद तिथे जिवंत आहे. माणूस एका जागी जिवंत असतो. तिथे आहात तोवर इथे जे आहे ते मी जाळलेलं आहे. मला दोन्हीकडचं अर्धं नको."

तरी मामंजींनी हट्टाने त्यांना मुंबईला नेलं. मी बरोबर होते. रेवसला लाँच धरली, भाऊच्या धक्क्यावर उतरलो, परवान्यासाठी अमेरिकेच्या कचेरीत गेलो. गुळगुळीत फरशी, वर पंखा, टेबलामागे एक तरुण साहेब. सासूबाई लाल आलवणात, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. साहेब प्रश्न विचारी, मामंजी मराठीत सांगत, सासूबाई उत्तर देत, मामंजी इंग्रजीत करत. वय झालं, गाव झालं, मुलं झाली. मग साहेबाने विचारलं, आणि मामंजींनी मराठीत केलं, "तुमचे यजमान कुठे आहेत?"

सासूबाई म्हणाल्या, "वारले."

पंखा फिरत होता. साहेब वाट बघत होता. इंग्रजी मला कुठलं यायला? मामंजींनी काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं, कोण पकडणार होतं त्यांना! पण त्यांनी सासूबाईंकडे बघितलं आणि जे त्या बोलल्या तेच इंग्रजीत सांगितलं. साहेबाने त्यांच्याकडे बघितलं, सासूबाईंच्या आलवणाकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. लेखणी खाली ठेवली. त्याची मान शहारली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही उठलो ते उठलोच.

लाँचवर मी सासूबाईंवर चिडले. "असं का बोललात? निदान तिथे तरी!" त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "अग्नी दिलेला मी पाहिलाय. सरकारी माणसापुढे खोटं कसं बोलू?"

म्हणजे आता एकच उरलं. मामंजींनी एकट्याने परत जायचं आणि तिकडचं होऊन राहायचं, नाहीतर इथे थांबून तिकडचं घालवायचं. तिसरं वर्ष सरत आलं. मी बघत होते, मामंजी दिवसेंदिवस वाडीत फेऱ्या घालत. अमुक नारळाशी थांबत, तमुक पोफळीला हात लावत. त्या सुमाराला एक दिवस न्हावी आला तर सासूबाईंनी त्याला बेड्यावरूनच परत पाठवला. "सर्दी आहे," म्हणाल्या. पुढच्या खेपेलाही सर्दीच. मी काय कालची होते? मी विचारलं नाही, पण मनात म्हटलं, देवा, ह्या माणसाला सुबुद्धी दे.

एका सकाळी मामंजी कोट-हॅट घालून, ट्रंक घेऊन निघाले. बोटीची जागा आधीच ठरवलेली. सासूबाई मागच्या दारी बसून होत्या, त्या उठल्याही नाहीत. मी नमस्कार केला. ते गेले. मला रडू कोसळलं. मी त्या दिवशी भात करपवला आणि सासूबाईंनी तो करपलेला भात मुकाट्याने खाल्ला.

दिवस मावळायच्या आत बेडं वाजलं. मामंजी परत आलेले, ट्रंकेसकट, हॅट कुठेतरी उडालेली. "रेवसला लाँच लागली होती," मला म्हणाले, "फळीवर पाय ठेवला आणि मागे रहाट ऐकू आला. आता रेवस कुठे आणि आपली वाडी कुठे!" सुपारीच्या खोलीत जाऊन पडले. सासूबाईंनी माझ्याकडून त्यांना पेज पाठवली.

नंतर काही आठवड्यांनी ती तारीख आली. मामंजी अंगणात जेवायला बसले होते. घास घेता घेता म्हणाले, "आज संपलं. आजपासून मी तिकडचा नाही." आवाजात दुःख होतं, नाही असं नाही. दोनदा शपथ घेतलेला माणूस.

सासूबाई उठल्या. देवघरापाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगो, तिकडे गेले ते. आता इकडे जिवंत व्हायला हरकत नाही. करंडा आण."

मी धावत जाऊन करंडा आणला आणि झाकण काढून पुढे धरला. त्यांनी पदर मागे सारला. डोक्यावर बोटभर पांढरे केस आले होते. त्यांनी आरशात न बघता, जागच्या जागी, ठसठशीत कुंकू लावलं. मग अंगणात जाऊन मामंजींना म्हणाल्या, "भात घरात वाढलाय. आत या." ना भटजी, ना मंत्र. भाऊबंदांनी आमच्याकडचं पाणी तोडलं. तोडा म्हटलं, आमच्या विहिरीला काही कमी नाही.

सात-आठ वर्षं संसार केला त्यांनी, म्हातारपणी. भांडायचे, एकमेकांना औषधं द्यायचे. मग सासूबाई तापाने गेल्या. त्या दिवशी भाऊबंद पुन्हा दारात, विधवेला हिरवं नेसवतात का म्हणून. मी पदर खोचला आणि सांगितलं, "ज्याला बघवत नाही त्याने तोंड फिरवा." हिरवी साडी मी नेसवली, हिरवा चुडा मी भरला, कुंकू मामंजींनी लावलं. सवाष्ण म्हणून पाठवलं त्यांना.

त्यानंतर आम्ही विहिरीवर पंप बसवला. रहाट उतरवला, लाकूड कुजकं होतं, मीच ते बंबात घातलं. मामंजी आता ओटीवर खुर्ची टाकून बसत. एका रविवारी आमचे हे मुंबईहून आले ते वर्तमानपत्र घेऊन. त्यात चार ओळींची बातमी. त्यांना वाटलं वडिलांना गंमत वाटेल, म्हणून मोठ्याने वाचली. तिकडच्या त्या मोठ्या कोर्टात कुठल्याशा बाईने दावा लावला होता, आणि कोर्टाने सांगितलं, तो तीन वर्षांचा नियम चुकीचा. बाहेरून येऊन नागरिक झालेला आणि तिथे जन्मलेला, दोघे सारखेच. जन्मभूमीत राहिला म्हणून कुणाचं नागरिकत्व जात नाही.

मामंजींनी पुन्हा वाचायला लावलं. मग भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी तिथे मेलोच नव्हतो." आणि माझ्याकडे वळून, लहान मुलासारखं विचारलं, "मग सूनबाई, हिने कुंकू लावलं ते खोट्यावर का गं?"

मला असा राग आला त्या कोर्टाचा, काय सांगू! एकदा म्हणतात नाहीस, मग म्हणतात आहेस, मग नाहीस, आणि आता म्हणतात होतासच. माणूस आहे की पोरांच्या खेळातला भिडू? मी म्हटलं, "मामंजी, चुडा मी माझ्या हाताने भरला. तो खरा होता. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला.

बाराचं ऊन होतं. कप खाली ठेवला आणि मागे वाडीत रहाट कुरकुरला. ह्यांनी ऐकला, मी ऐकला. ज्याचं लाकूड मी जाळलं होतं तो रहाट.

"मी तर इथे जागा बसलोय," मामंजी म्हणाले. "मग ओढतंय कोण?" ते उठले, चपला काढल्या आणि मला म्हणाले, "पाय बघ गं माझे." मी पाहिले. सरळ होते. "मग जाऊन येतो," म्हणाले आणि मागच्या दाराने वाडीत गेले. थोड्या वेळाने आवाज थांबला. आम्ही गेलो तेव्हा ते विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेले होते, डोळे मिटलेले, आणि हात कोपरापर्यंत ओले.

भटजींनी जुनी शंका काढली, एकदा अग्नी दिलेल्याला पुन्हा कसा द्यायचा. आमच्या ह्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. लग्नाच्या वेळी त्याच प्रश्नापुढे हे खाली मान घालून बसले होते. आता हे भर अंगणात ओरडले, "तो पुतळा होता. माझे वडील हे आहेत. लाकडं आणा."

लाकडं आणली.